चौथ्या चाकाला हात लावलेला नाही

नाशिकरोड,
रविवार, ता. ६ मे १९८४

तीर्थरूप नवसाबाई अक्का हिस,

धाकटा भाऊ चिमाजी याचा सविनय जय भीम. इकडे सगळे खुशाल आहोत. विमलचे गुडघे तेवढे खुशाल नाहीत, पण ते तू दोन घरं सोडून राहत होतीस तेव्हाही नव्हते, तेव्हा त्यात काळजीचं काही नाही. तुझा खोकला गेला का? नसेल गेला तर ओवा भाजून फडक्यात बांध आणि हुंगत जा. आणि नदीवर धुणं धुवायला भर दुपारी जाऊ नकोस, सायखेड्याचं ऊन आपल्या कॉलनीतल्या उन्हासारखं ओळखीचं नाही. तुमच्या घराला कुलूप आहे ते तसंच आहे. दारातल्या मोगऱ्याला विमल रोज पाणी घालते. यंदा तो इतका फुलला आहे की येणारे-जाणारे ओंजळी भरून नेतात आणि मी प्रत्येकाला सांगतो की घराची माणसं गावाला गेली आहेत, येतील. तेरा महिने हेच सांगतो आहे.

आता सुरुवातीलाच एक अडचण मिटवून घेतो. आजवर तुझ्यासाठीचे निरोप मी सायखेड्याच्या गाडीवरच्या यादव कंडक्टरकडे तोंडी देत आलो. पण आजचा मजकूर तिकिटं फाडता फाडता सांगण्यासारखा नाही, म्हणून पत्र. आणि तुला अक्षरओळख नाही. (अख्ख्या कॉलनीला बाराखडी शिकवणाऱ्या मास्तरची सख्खी बहीण अंगठा उठवते, ही माझ्यावरची नामुष्की आहे; पण पाटी घेऊन आलो की ती मला आधी जेवायला वाढायची आणि जेवल्यावर मला झोप यायची.) त्यामुळे तुझं पत्र घरातला दुसरा माणूस वाचून दाखवणार. घरात दुसरा माणूस एकच, म्हणजे आमचे दाजी. आणि दाजी माझ्याशी बोलत नाहीत, मी दाजींशी बोलत नाही. म्हणजे ज्यांच्याशी मी बोलत नाही त्यांच्याच तोंडून मला तुझ्याशी बोलायचं आहे. यावर दोन दिवस विचार करून मी नियम केला आहे. साधा मजकूर तुझ्यासाठी, तो मोठ्याने वाचावा. कंसातला मजकूर वाचणाऱ्यासाठी, तो मनातल्या मनात वाचावा आणि चेहऱ्यावर काही दिसू देऊ नये. असं कंसात लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे. मी शाळेतल्या हेडमास्तरांनाही विचारलं, तेही म्हणाले, नव्हे.

तेव्हा अक्का, वाचता वाचता आवाज मध्येच थांबला तर घाबरू नकोस, कंस आला असं समज. (कागद पुरावा म्हणून कंसातलं अक्षर थोडं बारीक काढलं आहे. तक्रार चालणार नाही.)

तर पहिली बातमी आनंदाची. आपल्या विशाखाचं लग्न ठरलं. मुलगा सिन्नरचा, तिथल्याच शाळेत मास्तर आहे, म्हणजे घरात आता दोन मास्तर होणार आणि विमलने त्याबद्दल आत्ताच हाय खाल्ली आहे. स्वभावाने गरीब आहे, पोहे तीनदा घेतले आणि तिन्हीदा विमलकडे बघून छान झालेत म्हणाला. येत्या वीस तारखेला, रविवारी, विहाराशेजारच्या पटांगणात मांडव. विशाखाला विचारलं, बाई, तुझी काही हौस आहे का? दागिना, बँड, फटाके? ती म्हणाली, काहीच नको. फक्त घरापासून मांडवापर्यंत आतोबांच्या फियाटमधून जाणार, आणि गाडी आतोबाच चालवणार. नाहीतर मी चालत जाईन, आणि अनवाणी जाईन. आता घरापासून मांडव दोन फर्लांगसुद्धा नाही, पण मे महिन्यातल्या डांबरावर अनवाणी नवरी म्हणजे लोक काय म्हणतील! तुला माहीतच आहे, पोरगी बोलते कमी आणि बोलली की करते. हा गुण आमच्या घरात कुणाचा नाही. (वाचणाऱ्याने तिला लहानपणी मांडीवर बसवून बसवून लावलेला आहे.)

दोष द्यायचा तर त्या चाकांना द्यायला हवा. हे तुला ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण मला लिहायला बरं वाटतं. देवळालीच्या पारशी शेठजींकडे दाजी ड्रायव्हर होते तेव्हा शेठजींच्या भाच्याने बोटीवरून चार चाकं आणली होती. साधी लोखंडी आणि वर टोपी बसवलेली नव्हेत, अलॉयची, म्हणजे अॅल्युमिनियमच्या जातीची, मधे फुलासारख्या पाकळ्या असलेली. सगळ्या नाशिकात तशी चाकं दुसऱ्या फियाटला नव्हती. एकाहत्तर साली शेठजी मुलाकडे परदेशी गेले तेव्हा गाडी दाजींच्या नावावर करून गेले. पुढे दाजी तिच्यातून यात्रेकरू त्र्यंबकेश्वरला नेऊ लागले. रोज सकाळी चहा झाला की खांद्यावर पिवळं फ्लानेल, हातात बिनलेबलाचा एक डबा, आणि तासभर चाकांपुढे उकिडवं बसणं. ती चाकं अशी लखलखायची की त्र्यंबकला उतरलेले यात्रेकरू आधी चाकात वाकून भांग पाडायचे आणि मग देवळाकडे वळायचे. विशाखा तेव्हा आठ वर्षांची. चाकात स्वतःचं तोंड बघून नाक केवढं मोठं दिसतं म्हणून हसत बसायची. एकदा दाजी तिला म्हणाले, “तुझ्या लग्नात तुला ह्याच गाडीतनं नेईन, आन् चाकं अशी करीन का नवरदेव तुझ्याआधी चाकाकडं बघंल.” तुम्हाला स्वतःचं मूल नाही, त्यामुळे दाजींनी शब्द दिला तो पोरीला, आणि पोरीने तो धरून ठेवला.

आता तो प्रसंग. तो टाळून हे पत्र पुढे सरकत नाही, मी दोनदा प्रयत्न केला. गेल्या वर्षी एप्रिलात विहाराच्या कार्यक्रमाला दाजी गाडी मागे घेत होते आणि मांडवाचा मधला खांब गाडीच्या मागच्या अंगाला लागला. मांडव सावकाश खाली बसला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. वक्ते तर कापडाखालून पाच मिनिटं भाषण करत राहिले आणि टाळ्याही पडल्या. पण मी धावत गेलो. अध्यक्षांच्या स्वागताची जबाबदारी माझ्यावर होती, माझा पारा चढला होता. मी सगळ्यांसमोर दाजींच्या हातातून गाडीची किल्ली काढून घेतली आणि एक वाक्य बोललो. ते तू ऐकलं आहेस, ते इथे मोठ्याने वाचायची गरज नाही. (“दाजी, तुम्हाला खांब दिसत नाही, उद्या माणूस काय दिसणार?” हे ते वाक्य. एकतीस वर्षांत ज्यांच्या गाडीला ओरखडा नाही त्यांना मी हे बोललो. वाक्य शुद्ध होतं, व्याकरणात चूक नव्हती. बाकी सगळं चूक होतं.) दाजींनी खांद्यावरचं फ्लानेल काढलं, घडी केली, बॉनेटवर ठेवलं आणि ते एसटी स्टँडकडे चालायला लागले. तूही चौथ्या दिवशी भांडी पोत्यात भरलीस आणि गेलीस. तेव्हापासून गाडी आमच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे आणि किल्ली माझ्या शाळेच्या कोटाच्या खिशात आहे. वर्गात हात खिशात गेला की ती टोचते.

असो. लग्न ठरल्यावर मी ताडपत्री काढली. गाडी ठीक होती. एका शेळीने मागच्या बाजूला संसार मांडला होता, पण तीही ठीक होती. चाकं मात्र बघवेनात. पावसाळा खाल्लेल्या पत्र्यासारखी राखाडी, वर पांढरी बुरशी, पाकळ्यांच्या सांध्यात काळा चिकटा. मी ठरवलं की कुणाच्या पाया न पडता ही चाकं आपण घरीच चमकवायची. मी शिकलेला माणूस, चार पुस्तकं वाचतो. धातूला चकाकी आणणं म्हणजे काय मोठं! (वाचणारे इथे हसले असतील. अक्काला सांगावं, घशात काही अडकलं.)

पहिल्या चाकाला मी आपल्या घरातली परंपरागत पद्धत लावली. शेजारच्या ठमाबाईंना तू ओळखतेस, त्यांच्या पितळी हंड्यात अख्खी कॉलनी तोंड बघते. त्यांनी अंगणात खुर्ची मांडली, स्वतः खुर्चीवर बसल्या आणि मला जमिनीवर बसवलं. चिंच भिजवली, तिच्यात मूठभर मीठ आणि चुलीची राख कालवली आणि नारळाच्या शेंडीने चाक घासायला लावलं. “लय जोर लाव मास्तर, खडूनं लिहिल्यावानी काय करतो?” म्हणाल्या. अर्धा तास घासल्यावर माझ्या लक्षात आलं की माणसाच्या पाठीत जितके मणके असतात ते सगळे मला आहेत. मग ठमाबाईंनी हुकूम सोडला की लेप तसाच ठेव, दिवसभर मुरू दे, पितळेला असंच करतात. मी ठेवला. हे पितळ नाही हे ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या. शाळेतून येऊन बघतो तर शेळी चाकापाशी उभी राहून एकाग्रतेने लेप चाटते आहे. मीठ ना ते! मी तिला हाकललं आणि चाक धुतलं. सगळं चाक कोड फुटल्यासारखं पांढऱ्या-काळ्या डागांचं, आणि शेळीने चाटलेला वीतभर भाग मात्र बऱ्यापैकी उजळ. मी शास्त्रीय वृत्तीचा माणूस असल्यामुळे शेळीला दुसऱ्या दिवशी मुद्दाम चाकाला बांधलं. पण तिला कुणी कामाला लावलेलं आवडत नाही असं दिसतं. तिने चाकाकडे पाठ केली आणि मी बॉनेटवर ठेवलेली आमंत्रणाची यादी खाल्ली. जवळजवळ सगळी यादी गेली. उरला तो वरचा एक तुकडा, त्यावर एकच नाव. (ते कुणाचं, ते वाचणाऱ्याने ओळखावं. यादी करायला बसलो तेव्हा पहिलं नाव मी न विचार करता लिहिलं होतं आणि मग तासभर पेन हातात धरून बसलो होतो.)

दुसऱ्या चाकाबद्दल मी थोडक्यात लिहितो कारण विमल स्वयंपाकघरातून मान लांब करून बघते आहे. मी विचार केला, चिकटा आणि मळ घालवायचा तर कपडे धुण्याचा सोडा. मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं, पावशेर सोडा टाकला आणि गरम गरम पाण्याने चाकाला शेकून काढलं. फेस आला, बुडबुडे आले, वास आला; मला वाटलं मळाचा जीव जातो आहे. पाणी ओसरलं तेव्हा चाक काळं ठिक्कर पडलं होतं. तेवढ्यात विमल दळण घेऊन आली, डबा खाली न ठेवताच तिने विचारलं, “जर्मनच्या पातेल्याला कुणी सोडा लावतं का?” मी तिला समजावलं की हे जर्मनचं पातेलं नव्हे, विलायती अलॉय आहे. तेव्हा तिने आमचं रोजचं जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचंच, पातेलं आणून चाकाला टेकवून धरलं, बोटाने एकावर वाजवलं, मग दुसऱ्यावर वाजवलं, आणि आत गेली. अक्का, कॉलनीतल्या सगळ्या बायकांना ही गोष्ट माहीत आहे. दुसरीतल्या पोरींनासुद्धा माहीत निघाली, मी वर्गात हात वर करायला सांगितले होते. फक्त मला माहीत नव्हती. (कागद संपत आला आहे, म्हणून यापुढे कंसातलं अक्षर आणखी बारीक होईल. वाचणाऱ्याने हवं तर दाराशी, उजेडात जाऊन बसावं.)

तिसऱ्या चाकाची जबाबदारी मी एकटा घेत नाही. कारखान्यात जाणारा झुंबर, आपल्या धोंडीरामचा जावई, रविवारी आला, त्याने काळं चाक बघितलं, डागाळलेलं चाक बघितलं आणि म्हणाला, “टेन्शन नाय घ्यायचं मास्तर, घासायचं कशाला? रंग द्यायचा.” फाटकाला लावायचा चंदेरी रंग त्याच्या घरी उरलेला होता. दोघांनी मिळून तिसरं चाक रंगवलं. लांबून बघितलं, फार सुंदर. जवळून बघितलं, नवी कोरी पत्र्याची ट्रंक. हात लावून बघितला, तर रंग हाताला आला आणि हात नेमका धोतराला पुसला. शेळीने येऊन हुंगलं, तिची दाढी चंदेरी झाली. आता ती कॉलनीत फिरते तेव्हा पोरं तिला नवरीची करवली म्हणतात.

इतकं झाल्यावर मी पायरीवर डोकं धरून बसलो होतो. विशाखा कामावरून आली. तिने तिन्ही चाकांकडे एकेक करून बघितलं. मला वाटलं रडेल, नाहीतर ओरडेल. ती घरात गेली, पेटीतून ते पिवळं फ्लानेल काढून आणलं (तिने ते धुऊन, घडी करून, आपल्या शाळेच्या बक्षिसाच्या पुस्तकांखाली ठेवलं होतं, मला ठाऊकही नव्हतं) आणि चौथ्या चाकापुढे उकिडवी बसली. अगदी तशीच, डावा गुडघा जमिनीला टेकवून. पण तिने फडकं चाकाला लावलं नाही. मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली. मी म्हटलं, अगं, निदान पुसून तरी बघ. तर म्हणाली, “ह्याला हात लावायचा नाही बाबा. हे त्यांचं आहे.” एवढंच. मग आत जाऊन तिने सगळ्यांना चहा केला. मी तो घेतला, पण अक्का, साखर होती का नव्हती ते मला आठवत नाही.

तेव्हा परिस्थिती अशी आहे. एक चाक कोडाचं, एक काळं, एक ट्रंकेचं, आणि एक जसं होतं तसं. लग्नाला चौदा दिवस राहिले. तुला आमंत्रण द्यायला मी आणि विमल रीतसर येऊच, पण तू आधीच ये, घरात बाईमाणूस हवं. मोगऱ्याचे गजरे तूच करायचेस, तुझ्यासारखे दाट कुणाला जमत नाहीत. बाकी सर्व क्षेम. तुझ्या घरातल्या माणसाचा डोळा कसा आहे तेही कळव. हे मी तुला विचारतो आहे.

तुझा धाकटा भाऊ,
चिमाजी

ता. क. एक छोटं काम. त्या बिनलेबलाच्या डब्यात काय असायचं ते तेवढं विचारून यादव कंडक्टरबरोबर कळव. चारही चाकं मी नीट करून घेईन. डब्याचं विचारलं एवढंच सांग, मी विचारलं असं सांगू नकोस. (उत्तर द्यायचं नसलं तर नका देऊ. पण द्या.)

दुसरा ता. क. वरचा ता. क. रद्द समजावा. पाकीट बंद करायच्या आधी विशाखाने हे पत्र मागून वाचलं आणि म्हणाली, “बाबा, डब्यात काय असतं ते मला माहीत आहे. दाताची पांढरी पूड आणि थोडं खोबरेल. मीच तर कालवून द्यायचे.” मी म्हटलं, अगं भवाने, मग तीन चाकांची वाट लागेपर्यंत गप्प का बसलीस? तर म्हणाली, आधी सांगितलं असतं तर चाकं चमकली असती आणि तुम्ही हे पत्र लिहिलं नसतं. अक्का, एकवीस वर्षं मी हिला शिकवतो आहे असं मला वाटत होतं.

तिसरा ता. क. हा अक्कासाठी नाही, पण अक्का, तू ऐकलंस तरी चालेल. आता कंस काढून टाकतो, उन्हाळ्यात तसाही त्यांचा उबारा होतो.

दाजी, डिसेंबरात तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नाशकात नेत्रशिबिरात झालं, तेव्हा तीन दिवस एका बाईने तुम्हाला जर्मनच्या डब्यातून मुगाची खिचडी आणून दिली. ती बाई तिथली नर्स होती आणि खिचडी विमलची होती. मी फाटकाबाहेर लिंबाखाली उभा असायचो. आत यायचं धाडस झालं नाही. तुमच्या डोळ्याला पट्टी होती, तुम्ही मला बघितलंही नसतं, तरी झालं नाही. मला वाटलं तुम्हाला काही कळलं नाही. महिन्याने तो रिकामा डबा यादव कंडक्टरने आणून दिला, निरोप काही नाही. डबा आरशासारखा लखलखत होता. नाशिक जिल्ह्यात जर्मनच्या डब्याला तशी चकाकी आणणारा माणूस एकच आहे. तेव्हा मला कळलं की तुम्हाला कळलं होतं. मी रोज त्या डब्यात बघून दाढी करतो, आणि रोज ठरवतो की आज पत्र लिहायचं. जानेवारीपासून ठरवतो आहे.

दुसरी कबुली. कागद संपत आला होता हे खोटं आहे. कागदाची पाठ सबंध कोरी आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. कंसातलं अक्षर मी मुद्दाम बारीक करत गेलो. पहिला कंस ज्वारीच्या दाण्याएवढा, शेवटचा मोहरीएवढा. डॉक्टर म्हणतील की जवळचं दिसणं वेगळं आणि लांबचं वेगळं. असेल. मी दुसरीचा मास्तर आहे, मला परीक्षा घ्यायची ही एकच पद्धत येते. तुम्ही यादीतलं नाव ओळखलं असेल, दाराशी उजेडात जाऊन बसला असाल, तर तुम्ही पास आहात आणि मी नापास, कारण मी तुमची परीक्षा घ्यायलाच नको होती. तेरा महिन्यांपूर्वीही नको होती. दोन फर्लांगांचा रस्ता आहे, पहिल्या गिअरमध्ये जायचं आहे, पुढे झुंबर चालेल, मांडवाचे खांब मी स्वतः लांब रोवून घेतो.

किल्ली या पाकिटात घालणार होतो. विमलने सुईदोरा आणला, कागदाला टाचून देते म्हणाली. पण मग वाटलं, ते बरोबर नाही. घेतली चार लोकांसमोर आणि परत द्यायची पोस्टातून? वीस तारखेला मांडवाच्या तोंडाशी, त्याच अध्यक्षांसमोर, त्याच लोकांसमोर मी ती तुमच्या हातात देईन आणि तेव्हा जे बोललो ते मागे घेईन. मोठ्याने. मग तुम्ही चालत घरी या, आणि पोरीला गाडीत बसवून पुन्हा मांडवात आणा.

आणि समजा, दाजी, मोहरी दिसलीच नसेल. समजा कंस आले की तुम्ही नुसते थांबत होता, आणि अक्काला वाटत होतं तुम्ही मनात वाचताय. तर त्याचंही काही अडत नाही. मग गाडी आपण दोघं ढकलत नेऊ, विशाखा आत बसेल, तुम्ही खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरा. ते तुमच्याशिवाय कुणी धरणार नाही. अक्का, आवाज इथे थांबला तर कंस नाही. त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दे.

खालची ओळ पाटीवर लिहितो तेवढ्या मोठ्या अक्षरात लिहिली आहे. तिला चष्मा लागत नाही, आणि अक्का, तीनच अक्षरं आहेत, ती तूसुद्धा बोट ठेवून गिरवून बघ, तुझा पहिला धडा समज.

दाजी, या.